भूक मारण्याचं सरबत

वहिनीच्या घरात शिरलं की आधी वास येतो. गवताच्या गंजीला पावसात आतून कूज लागते तसा, आणि त्यावर कोणीतरी आइस्क्रीमचं सेंट ओतल्यासारखा. पूर्वी ज्या खोलीत धानाची पोती असायची तिथे आता पुठ्ठ्याची खोकी छतापर्यंत रचलेली आहेत. खोक्यांत हिरवे प्लास्टिकचे डबे. प्रत्येक डब्यावर जंगलाचं चित्र आणि डोक्यावर टोपली घेतलेली एक सडपातळ बाई, केसांत पीस खोवलेली. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत मी बातमीच्या कामाने पुष्कळ फिरलो आहे. मोह वेचायला जाताना केसांत पीस खोवणारी बाई मला अजून भेटलेली नाही.

घर माझ्या मोठ्या भावाचं, सिंदेवाहीजवळच्या एका गावातलं. मी चंद्रपूरला वर्तमानपत्रात नोकरी करतो आणि धानाच्या रोवणीच्या दिवसांत रजा काढून इथे येतो. शेतात माझा उपयोग फारसा नाही. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या वाहून नेणं, पंप चालू-बंद करणं, माणसं आणणं-पोचवणं एवढंच.

खोक्यांमागची हकिगत थोडक्यात सांगतो. काही काळ वहिनीने सिंदेवाहीत एक गाळा भाड्याने घेऊन क्लब चालवला. सकाळी शिक्षिका, दुकानदारांच्या बायका, एकदोन नर्सबाया असं मंडळ जमायचं. एकेक जण काट्यावर उभी राहायची. मग टेपने पोट मोजायचं, कमी भरलं तर टाळ्या. जिचं कमी भरलं नाही तिच्या पोटाची वळी वहिनी सर्वांसमोर चिमटीत धरायची आणि सगळ्या हसायच्या, ती बाईसुद्धा. भिंतीवर ‘आधी’ आणि ‘नंतर’चे फोटो होते. ‘आधी’च्या फोटोत बाया पोट सोडून उभ्या, ‘नंतर’च्या फोटोत श्वास रोखून. हे मी स्वतः पाहिलं आहे. फोटो काढताना मीच मोबाईल धरला होता.

तिन्ही वेळा भात खाणाऱ्या या तालुक्यात क्लबचा पहिला नियम ‘भात बंद’ हा होता. भाताऐवजी हिरवी पूड पाण्यात घुसळून प्यायची. एरवी वहिनी मले-तुले बोलते. क्लबमध्ये ती ‘आपलं मेटाबॉलिझम’ म्हणायची आणि ‘आपलं’वर जोर द्यायची. तिला हे सगळं शिकवणारा चंद्रपूरचा एक कोच होता. त्याचं एक वाक्य ती रोज म्हणायची: “जंगलात राहणारी माणसं पाहा. आहे कोणी जाड? कारण त्यांच्या खाण्यात जडीबुटी आहे.” समोर बसलेल्या शिक्षिका मान डोलवायच्या. त्यांच्यातल्या काहींच्या शाळा जंगलातल्या गावांत होत्या. पोषण आहाराचा भात त्या रोज वाटत होत्या आणि कुठलं पोर दुसऱ्यांदा ताट पुढे करतं हे रोज पाहत होत्या.

पुडीत काय असतं ते डब्यावर लिहिलेलं आहे. इसबगोल, गवारीचा डिंक, गुडमारीचा पाला, हिरड्याची पूड, रंग, चव. इसबगोल आणि डिंक पाण्यात फुगतात आणि पोटात जागा धरून बसतात. गुडमारीचा पाला चावला की काही वेळ जिभेला गोड कळत नाही, साखर वाळूसारखी लागते. बाकी जे काही आहे ते रंग, वास आणि कोचची भाषणं. पेल्यात पूड घुसळून थोडा वेळ ठेवली की वर साय धरते. बोटाने उचलली तर तार सुटते.

क्लब फार चालला नाही. बाया भाताकडे परत गेल्या आणि वजन त्यांच्याकडे परत आलं. खोकी मात्र वहिनीने स्वतःच्या नावावर उचललेली होती, ती राहिली. डब्यांवरची मुदत सरत आली होती.

त्या वर्षी रोवणीला जी टोळी आली ती वैनगंगेपलीकडची, गडचिरोलीकडच्या एका जंगलातल्या गावाची. सगळ्या बाया. आपसांत गोंडी बोलत, आमच्याशी झाडीपट्टीतली मराठी. गावाबाहेर दादाचं टिनाचं गोदाम आहे, तिथे त्यांचा मुक्काम. टोळीची प्रमुख पन्नाशीच्या आतबाहेरची, बोलायला मोकळी, कामाला कडक. तिच्याबरोबर तिची सून होती, जेमतेम विशीची, आणि सुनेचं काही महिन्यांचं लेकरू. सुनेचा नवरा कामासाठी तेलंगणात गेला होता. बाळाची झोळी धुऱ्यावरच्या, म्हणजे शेताच्या बांधावरच्या, मोहाला टांगलेली असायची.

ही टोळी दादाकडेच का आली, हे पुढचं कळण्यासाठी सांगायला हवं. आमच्या भागात बरेच शेतकरी आता रोवणीला नुसती मजुरी देतात. दादा मजुरी थोडी कमी देतो आणि दुपारी जेवण देतो. भात, वरण, एक भाजी, कधी सुकटीची चटणी. प्रमुख बाईने दादाशी बोलणी करताना सगळ्यांसमोर सांगितलं होतं, “भाऊ, पैसा तिकडं जास्त भेटते. पण माह्या सुनेच्या अंगावर लेकरू हाय. दोन घास पोटभर गेले तर दूध उतरन. तुमच्याकडं भात मोजून वाढत नाई म्हणून आलो.” दादा त्या वेळी खूश झाला होता. मला फोनवर त्याने हे कौतुकाने सांगितलं होतं.

रोवणीचे पहिले काही दिवस मी तिथे नव्हतो. ते मला वहिनीने अभिमानाने सांगितले आणि टोळीतल्या बायांनी वेगळ्या स्वरात. दोन्हीकडून जेवढं जुळलं तेवढंच इथे लिहितो.

उकाडा होता. सकाळी मधल्या वेळी बायांनी चहा मागितला. एवढ्या जणींचा चहा करायचा वहिनीला कंटाळा आला आणि तिला खोक्यांची आठवण झाली. तिने पाण्याचं गुंड भरून सरबत घुसळलं आणि शेतावर नेलं.

“शक्तीचं हाय,” ती म्हणाली. “शहरातल्या बाया विकत घेऊन पितात. तुमाले फुकट.”

बाया पेल्याकडे पाहत राहिल्या.

“काऊन वं, बोडीतलं शेवाळ गाळून आणलं का?” एकीने विचारलं.

“शेवाळ नोहे, म्हशीचं शेण हाय. रंग पाय ना.”

“प्या वं गुमान. मालकीणबाई दररोज पाजत नाई.”

“शक्ती देऊन राह्यल्या म्हंजे सांजच्याले अजून एक बांधी रोवून घेतीन.”

हसत हसत त्यांनी नाक दाबून सरबत प्यायलं. दुपारी भाताचं भांडं अर्धं परत आलं. वहिनीला वाटलं, भाजी आवडली नाही. दुसऱ्या दिवशी तिने वांग्यात सुकट घातली. भांडं पुन्हा अर्धं परत आलं. तेव्हा तिला उलगडा झाला. त्यानंतर तिने सरबत रोज, जेवणाच्या थोडं आधी, न मागता न्यायला सुरुवात केली आणि तांदूळ कमी शिजवायला लागली. मला हे सांगताना तिचा चेहरा उजळलेला होता.

“भाऊजी, अन्न वाया जात होतं. मले अन्न वाया गेलेलं पाहवत नाई.”

बायांकडून कळलं ते असं. शक्तीचं म्हणून जे सांगितलं जातं ते बाळंतिणीच्या वाट्याला जास्त जावं, ही त्यांच्याकडची रीत. डिंक असो, पायाचा रस्सा असो, कुठूनशी आलेली खारीक असो. घरातली मोठी बाई आपला वाटा तिच्यापुढे सरकवते आणि ती कोणाची परवानगी मागत नाही. सरबत पहिल्यांदा आलं त्याच दिवसापासून सासूने स्वतःचा पेला सुनेला द्यायला सुरुवात केली. सून नको म्हणायची, पोट फुगतं म्हणायची. सासू तिच्यासमोर उभी राहून दोन्ही पेले रिकामे करून घ्यायची. मग जेवायला बसल्यावर सून चार घास खाऊन हात धुवायची. लेकरू झोळीत किरकिर करायला लागलं होतं. सासूला वाटत होतं, शक्तीचं औषध लागू पडायला वेळ लागतो.

मी ज्या संध्याकाळी पोचलो, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात चहा घेत होतो. गुंडाशेजारी डबा उघडा होता. मजकूर वाचायची धंद्याची सवय म्हणून मी तो उलटा करून वाचला. बुडाला, बारीक पांढऱ्या अक्षरांत, तीन भाषांमध्ये लिहिलेलं होतं की गर्भवती आणि स्तनदा मातांनी हे घेऊ नये.

मी वहिनीला विचारलं, “टोळीत ती अंगावर पाजणारी पोरगी आहे ना? तिलाही देता?”

“सगळ्यांले देतो. भेदभाव कायले करायचा?”

मी तिला बूड दाखवलं.

“ते कंपनीले लिहावंच लागते, भाऊजी. सिगारेटच्या पाकिटावर नाई राहत का? कोणी सोडते का म्हणून?”

“भूक मारायचं औषध आहे हे. रोवणीच्या बायांना का पाजायचं?”

“जडीबुटी हाय. जडीबुटीनं कोणाचं वाईट झालं?” मग तिचा क्लबमधला आवाज निघाला. “आणि खरं सांगू का, हेवी जेवण घेतलं की बॉडी सुस्त होते.”

दादा पाटावर बसून जेवत होता. तो म्हणाला, “तू पेपरवाला आहेस, तुले सगळ्यात लफडं दिसते. बाया खूश हायेत. भात जास्त गेला की दुपारी धुऱ्यावर लोळतात. आता पाय, जेवल्याबरोबर बांधीत उतरतात. शास्त्र हाय त्यात.” त्याच्या ताटात आदल्या दिवशीच्या भाताला फोडणी दिलेली होती. बोलता बोलता त्याने दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

मी डबा उचलला आणि शेताकडे निघालो. प्रमुख बाईला काय सांगायचं ते ठरलेलं होतं. हे पाजू नका, आणि कशासाठी पाजू नका. रस्त्यात एक पांढरी गाडी मला मागे टाकून गेली. मी शेतावर पोचलो तेव्हा गाडी उभी होती आणि वहिनी स्कूटीवरून दुसऱ्या वाटेने आधीच तिथे आली होती. तो कोच होता. वहिनीनेच त्याला बोलावलं होतं. रोवणीच्या बायांना सरबत कसं मानवलं ते तिने त्याला कळवलं होतं आणि त्याला त्यात व्हिडिओ दिसला होता.

माणूस चाळिशीचा, अंगाला घट्ट टीशर्ट, पांढरे बूट. बुटांना चिखल लागू नये म्हणून त्याने दोन्ही पायांवर कॅरीबॅग चढवून घोट्याशी रबर लावले होते. धुऱ्यावरून चालताना त्या पिशव्या चटचट वाजत होत्या. त्याच्या अंगाला डब्यासारखाच वास होता. बांधीत, चिखल केलेल्या वाफ्यात, बाया ओळीने वाकून रोवत होत्या. तो त्यांच्याकडे बाजारात बकऱ्या पाहावं तसं पाहत होता.

“मॅडम, मला एकच ताई द्या. सगळ्यात स्लिम.”

वहिनीने सुनेकडे बोट केलं.

सून चिखलातून वर आली. गळ्याची हाडं दिसत होती, ब्लाउज खांद्यावरून उतरत होता. कोचने तिच्या हातात हिरवा पेला दिला, मग मागे झोळी दिसायला नको म्हणून तिला दोन पावलं सरकवलं. झोळीत लेकरू रडत होतं. “बाळाला जरा शांत करता येईल का?” तो कोणाकडेही न पाहता म्हणाला. एका बाईने जाऊन झोका दिला.

मी त्याला म्हणालो, “हिला हे देऊ नका. ही अंगावर पाजते.”

“सर, दोनच मिनिटं,” तो म्हणाला आणि मोबाईल वर धरला.

सासूने बांधीतून ओरडून सांगितलं, “पी वं. पुरा पी. आणि माहाबी पेला घे.”

वहिनीने दुसराही पेला भरून दिला. सुनेने दोन्ही प्यायले. ओठांवर हिरवी साय राहिली. कोचने ती पुसू दिली नाही.

“ताई, सांगा बरं. आधी भूक लागायची?”

“हो. लय लागे.”

“आणि आता, आपलं हर्बल ड्रिंक घेतल्यावर?”

“आता लागत नाई.”

“अजिबात नाही?”

“नाई. जेवाचं मन होत नाई.”

“वा! टाळ्या, मॅडम, टाळ्या!”

वहिनीने टाळ्या वाजवल्या. एकटीनेच. बांधीत सासू सरळ उभी राहिली होती. तिच्या हातात पऱ्ह्याची पेंडी होती.

“काय म्हणलं? भूक काऊन लागत नाई?”

“तेच तर याचं काम आहे, मावशी,” कोच हसून म्हणाला. “भूकच मारून टाकते. भूक नाही तर चरबी नाही.”

बाईने पेंडी पाण्यात टाकली आणि वर आली. तिने कोचकडे पाहिलं नाही, वहिनीकडेही नाही. माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

“भाऊ, त्याच्यावर काय लिवलं हाय ते वाचून सांगा.”

मी वाचलं. पुढचा मोठ्या अक्षरांतला मजकूर वाचला, मग बुडाचा बारीक. स्तनदा म्हणजे कोण ते तिला सांगावं लागलं. वाचून होईपर्यंत कोच पायातल्या पिशव्या चटचट वाजवत गाडीकडे सरकू लागला होता.

“शक्तीचं म्हणलं होतं ना, बाई?” तिने वहिनीला विचारलं.

“शक्ती पण राहते त्यात,” वहिनी म्हणाली.

“मी माह्या हातानं पाजलं इले. माह्या वाट्याचं बी पाजलं.” हे ती कोणाला उद्देशून बोलली नाही. मग मागे वळून गोंडीत दोन-तीन शब्द बोलली आणि सगळ्या बाया बांधीतून निघून धुऱ्यावर येऊन बसल्या.

तेवढ्यात दादा ट्रॅक्टरवरून जेवण घेऊन आला. सासूने भांड्यावरचं झाकण काढलं. भात भांड्याच्या निम्म्यालाही नव्हता.

“एवढाच?”

“उरत होता ना,” वहिनी म्हणाली.

“भात मोजून वाढत नाई म्हणून आमी इथी आलो, भाऊ,” बाई दादाला म्हणाली. “तुमाले तोंडावर सांगतलं होतं. आता भात शिजवून आणा. पोटभर. तवरोक कोणी पाण्यात पाय टाकत नाई.”

“बाई, पऱ्हे उपटून ठेवले हायेत. वाळतीन,” दादा म्हणाला.

“वाळू द्या. त्याईलेबी शक्तीचं पाजा थोडं.”

धुऱ्यावर हसू पिकलं. दादा हसला नाही. तो माझ्याकडे पाहत होता, जणू हे मी छापून आणलं होतं. शेवटी तो वहिनीला घेऊन घरी गेला आणि बऱ्याच वेळाने भाताचं मोठं गंज घेऊन परतला. कोच तोवर निघून गेला होता. त्याच्या पायातल्या दोन पिशव्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या होत्या.

बाकीच्या बायांनी त्या दिवशी सरबत प्यायलं नव्हतं. त्या जेवल्या. एकमेकींना वाढत, वरणासाठी भातात खड्डा करत, नेहमीसारख्या जेवल्या. सुनेच्या पोटात मात्र दोन पेले फुगत होते. सासूने तिच्यापुढे ताट ठेवलं आणि स्वतः समोर बसली.

“खा वं.”

सुनेने घास घेतला. बराच वेळ चावला.

“गळ्याखाली उतरत नाई, आत्या.”

“अजून एक. लेकराच्या नावानं खा.”

तिने दुसरा घास घेतला. मग तोंडावर हात दाबून धुऱ्याच्या कडेला गेली आणि ओकली. हिरवा, चिकट बुळबुळीत गोळा पडला, त्यात भाताची शितं तशीच. इतकं ओकूनही पोट रिकामं झालं नव्हतं. ती परत येऊन ताटासमोर बसली, पण हात पुढे गेला नाही. गरम भात समोर होता, हवा तेवढा होता, तिच्यासाठी भांडून आणलेला होता. सासूने वरणभात कालवला, बोटांनी मऊ केला, आणि लहान मुलाला भरवतात तसा तिच्या ओठांशी धरला. ओठ उघडले नाहीत. झोळीत लेकरू रडून रडून थकलं होतं आणि आता आवाज न काढता तोंड हलवत होतं. एका बाईने भात पाण्यात कुस्करून पेज गाळून घेतली आणि बोट बुडवून त्याच्या तोंडात दिलं.

मी डॉक्टर नाही. दूध पुडीने कमी झालं होतं की कमी खाल्ल्याने, ते मी सांगू शकत नाही. ती कमी खात होती, एवढं सांगू शकतो. तिला कमी खायला लावण्याची व्यवस्था कोणी केली होती, तेही सांगू शकतो.

दुपारनंतर बाया बांधीत उतरल्या. उपटलेले पऱ्हे त्यांनी सगळे रोवले, एकही पेंडी वाळू दिली नाही. रोवणी संपली की मालकाने टोळीला जेवण द्यायचं, त्याला आमच्याकडे बोजारा म्हणतात. त्याच्यासाठी बाया कित्येक दिवस आधीपासून मालकाला छळतात, कोंबडा कोणता कापायचा यावर भांडतात. या टोळीने बोजारा घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी गोदाम झाडून ठेवलेलं होतं आणि आत कोणी नव्हतं. दादाच्या काही बांध्या रोवायच्या राहिल्या. त्या त्याने पुढे दुसऱ्या माणसांकडून कशाबशा उरकल्या.

घरात यावर बोलणं झालं ते असं. दादा म्हणाला, एवढ्याशा गोष्टीसाठी कोणी हंगामात काम सोडते का. वहिनी म्हणाली, “मी फुकट दिलं ना, म्हणून किंमत नाई.” तिला खरंच वाईट वाटलं होतं. डोळ्यांत पाणी होतं. ते पाणी पाहून मला किळस आली, आणि ती लपवायचा मी प्रयत्न केला नाही.

व्हिडिओ त्याच आठवड्यात फिरायला लागला. कोचने प्रश्न तोडले होते, उत्तरं ठेवली होती. ओठांवर हिरवी साय असलेली पोरगी, मागे धानाची हिरवी बांधी, खालून बासरी. “आता लागत नाई.” पुन्हा, “आता लागत नाई.” वर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की जंगलकन्येच्या सडपातळ बांध्याचं हे रहस्य आहे. चंद्रपूरच्या ओळखीच्या बायांनी त्यावर हात जोडल्याची चिन्हं टाकली होती. मी कोचला फोन केला आणि व्हिडिओ काढून टाकायला सांगितलं.

“सर, तुम्ही मीडियातले आहात,” तो शांतपणे म्हणाला. “मला सांगा, त्यात खोटं काय आहे? ताई स्वतः बोलल्या. मी एक शब्द घातला नाही.”

हे खरं होतं. एकही शब्द त्याने घातलेला नव्हता. मी फोन ठेवला आणि हात धुतले. फोनवर बोलून हात धुवायची माझी रीत नाही.

आमच्या कार्यालयातून मी एक तक्रार योग्य त्या खात्याकडे पाठवली. पोच मिळाली. व्हिडिओ अजून आहे.

रजा संपायच्या आधी कामासाठी गडचिरोलीकडे जाताना मूल गावाच्या पुढे रस्त्याकडेच्या एका शेतात मला ती टोळी दिसली. तिथे मजुरी जास्त होती आणि जेवण ज्याचं त्याने आणायचं होतं. दुपारची सुटी होती. बाया धुऱ्यावर डबे सोडून बसल्या होत्या. मी मोटरसायकल उभी केली.

सून सासूच्या समोर बसून जेवत होती. मांडीवर लेकरू होतं, पदराआड, दूध पीत असावं. पाय हलत होते.

“दूध येते का?” मी विचारलं.

“थोडं थोडं,” सासू म्हणाली. “पोट्टं आता रात्रभर रडत नाई. पण इची भूक अजून ठिकाणावर आली नाई, भाऊ. बसवून खाऊ घाला लागते. विसरूनच गेली ते पोट, भूक कशी राहते ते.”

सून खाली पाहून हसली.

“व्हिडिओ मी काढून टाकायला सांगितला,” मी म्हणालो. “त्याने काढला नाही.”

“कोणता इडिओ?” सासूने विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता मला म्हणाली, “जेवता का? बसा.”

मी नको म्हणालो.

“काऊन? भेव लागते का?” तिच्या बाजूची बाई म्हणाली. “भिऊ नोका, भाऊ. तुमच्या घरचं नोहे, आमच्या घरचं हाय. काई कालवलं नाई त्यात.”

सगळ्या हसल्या. मी पाण्याने हात धुतला आणि बसलो. भात सकाळचा, थंड, सोबत अंबाडीची भाजी. त्यांच्या डब्यांत भात फार नव्हता, तरी प्रत्येकीने थोडा थोडा माझ्यापुढच्या पळसाच्या पानावर टाकला. माझ्याशी बोलता बोलता सासूची नजर सुनेच्या हातावर होती. हात डब्याकडे गेला की ती बोलायची. हात थांबला की तीही थांबायची, आणि तो पुन्हा हलेपर्यंत तशीच पाहत राहायची.